चाळिसाव्या दिवसाची चाचणी

पारेवाले सरांच्या शोकसभेत दूध संघाचे माजी चेअरमन बोलायला उठले आणि माझं डोकं फिरलं. हार घातलेल्या फोटोकडे हात करून ते म्हणाले, "सर काळाच्या पुढं होते. आपल्या दुष्काळी भागाला ते समजले नाहीत." सभागृहात हळहळ झाली. माझ्या शेजारच्या माणसाने डोळे पुसले. मी खुर्ची मागे सरकवली, तिचा आवाज मुद्दाम होऊ दिला आणि बाहेर पडलो.

काळाच्या पुढं! सर काळाच्या पुढे नव्हते, चाळीस दिवस पुढे होते. तेवढेच, मोजून. आणि ते कोणाला समजले नाहीत हेही खोटं. चेअरमनला ते पुरते समजले होते. मलाही समजले होते. न समजल्यामुळे कोणाच्या हातून काही झालं असतं, तर मला आज एवढा राग आला नसता.

सरांचं खरं नाव भानुदास. बीडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते उष्णता शिकवायचे. उष्णता ही काय शिकवायची गोष्ट आहे का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. आमच्याकडे ती फुकट मिळते. ते म्हणाले, "मिळते हो. पण एका वस्तूतून दुसरीत ती जाते कशी, किती वेगानं जाते, वाटेत तिला अडवतं कोण, हे कुठं फुकट मिळतं?" लोक खिशाला पेन लावतात तिथे त्यांच्या खिशाला ॲल्युमिनियमची बारीक नळी असायची आणि नळीत थर्मामीटर. हॉटेलात चहा आला की पहिला घोट थर्मामीटरचा. सर पाऱ्याकडे बघत बसायचे, चहा निवून जायचा, मग तो निवलेला चहा एका दमात पिऊन ते वहीत आकडा लिहायचे. मांजरसुंब्याचा धाबेवाला त्यांना लांबून बघूनच आत ओरडायचा, "पारेवाले सर आलेत, उकळता आण बे!"

त्यांच्यासमोर कोणी "लई ऊन हाय" म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "लई म्हंजे किती?" बायकोला ताप भरलाय म्हणून शेजारी मोटारसायकल मागायला आला, तेव्हाही आधी हाच प्रश्न आणि मग किल्ली. मला या प्रश्नाचा पहिल्या दिवसापासून राग होता. माझा सगळा धंदा 'लई' या शब्दावर चालतो. लई मेहनत, लई खर्च, लई नुकसान. किती ते सांगितलं की भाव करणं संपलं.

मी रेडिएटरवाला. बापाने मला दिलं ते महालिंग हे नाव; 'आप्पा' गिऱ्हाइकांनी केलं. बाकी सगळं मी मांजरसुंब्याच्या चौकात मिळवलं. घाट चढून ट्रक वर यायचे ते वाफा सोडत. ड्रायव्हर हाताला फडकं गुंडाळून झाकण उघडायचा आणि तांबडं पाणी उसळून बाहेर यायचं. मी रेडिएटर उतरवायचो, तेजाबाने, म्हणजे ॲसिडने, नळ्या धुवायचो, फुटलं असेल तिथे कथलाचा डाग द्यायचो. त्यातून पत्र्याचं काम, त्यातून स्टीलच्या टाक्या, त्यातून स्वतःचं वर्कशॉप. कोणी हात धरून वर ओढलं नाही. म्हणून मी कोणासमोर आवाज खाली ठेवत नाही. म्हणजे, ठेवत नाही असं मी लोकांना सांगतो.

सर पहिल्यांदा दुकानात आले ते भंगारातले रेडिएटर बघायला. ज्यांच्या नळ्या आतून पार बुजल्यात असेच त्यांना हवे होते. मी चौपट भाव सांगितला. माणूस निमूट पाकीट काढायला लागला.

"ओ सर, भाव करा की!" मी म्हणालो. "भंगार हाय ते."

"तुम्हाला त्याची किंमत माहीत असेल ना?"

"माहीत हाय म्हणूनच चौपट सांगितली."

"मग खरी सांगा."

भाव न करणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला आजही कळत नाही. मी तीन रेडिएटर त्यांना फुकट दिले आणि दिवसभर धुसफुसत राहिलो.

त्यांनी तिथेच बसून करवतीने एक नळी उभी चिरली. आत पांढरा खार, दगडासारखा. तो ब्लेडने खरवडून त्यांनी चुन्याच्या डबीत भरला आणि डबीवर चिठ्ठी चिकटवली: 'ट्रक. बोअरचं पाणी.' अशा डब्यांनी त्यांच्या घरातलं एक कपाट भरलेलं होतं, प्रत्येकीवर गावाचं नाव. बाकीचे लोक गावाला जाऊन आले की पेढे आणतात; हे खार आणायचे. आंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे बंब असतात ना, त्यांच्या पोटातला. चौसाळ्यात एका म्हातारीला वाटलं, हा माणूस तांब्यावर डोळा ठेवून आलाय. तिने काठीच उगारली.

"मास्तर दिसतुस आन् बंब चोरतुस व्हय रे?"

सरांनी बंबातला पापुद्रा तिच्या हातावर ठेवला. "आजी, मधल्या नळीत जाळ, भवताली पाणी, आणि दोघांच्या मधी ही गोधडी. तुमचं किती सरपण ह्या गोधडीलाच ऊब देतंय, ते मोजायला आलोय."

म्हातारीने काठी ठेवली आणि गल्लीतले चार बंब त्यांच्यापुढे आणून मांडले. सर संध्याकाळपर्यंत खरवडत बसले होते, आणि म्हातारी शेजारणींना सांगत होती की सरकारी माणूस बंब साफ करायला आलाय.

कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत भिंतीभर आलेख लावलेले. प्रत्येकावर दोन रेघा. पेन्सिलीची रेघ गणिताने काढलेली: असं व्हायला हवं. शाईची रेघ मोजून काढलेली: असं झालं. दोन्ही एकमेकींवर कधीच बसायच्या नाहीत. मी विचारलं, "मग चुकलं कुठं?"

"चुकलं नाही, आप्पा. ह्या दोन रेघांच्या मधली जागा, हीच आमची नोकरी. तिथं काय बसलंय ते शोधायचं."

बहुतेक वेळा तिथे खारच बसलेला असायचा.

मग तो दुष्काळ आला. पिकं गेली, ऊस छावणीतल्या जनावरांच्या तोंडी गेला, विहिरींचे तळ दिसले. लोकांच्या हातात राहिलं ते फक्त दूध. पण दूध वाडीवरून चौसाळ्याला आणि तिथून टेम्पोने संघाच्या शीतकरण केंद्रावर जाईपर्यंत उन्हाने नासायचं. केंद्राच्या दारात तपासणी व्हायची, आणि नासलेलं परत. परत न्यायचं कुठे? रस्त्याच्या कडेला ओतायचं. ज्या गावांत टँकरपुढे घागरींवरून मारामाऱ्या होत होत्या, त्याच गावांतल्या बायका दूध मातीत ओतत होत्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सभागृहात डोळे पुसणाऱ्यांनी पाहिलं होतं का, मला माहीत नाही.

सर दुकानात आले तेव्हा दुपार होती आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "आप्पा, दुष्काळाची हवा कोरडी असते," ते म्हणाले. "कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं, आणि उडताना मागं राहिलेल्याला गार करतं. माठ कशानं गार होतो?"

"पाझरतो म्हणून."

"मग आपण एक मोठा माठ करू. स्टीलचा."

कागदावर त्यांनी चित्र काढलं. वर वाळ्याच्या जाळ्या, आपल्या घरच्या कूलरला असतात तशा. त्यांवरून पाणी पाझरेल आणि गार होईल. ते गार पाणी खालच्या स्टीलच्या नळ्यांतून फिरेल, आणि नळ्यांच्या बाहेरून दुधाची पातळ धार ओघळेल. बर्फ नाही, कॉम्प्रेसर नाही, विजेची वाट बघणं नाही; पंप हाताने फिरवायचा. बर्फाइतकं गार होणार नव्हतंच, पण केंद्रापर्यंत टिकेल इतकं होणार होतं. गणित त्यांनी वर्षभर आधीच करून ठेवलं होतं. त्यांना नळ्या वाकवणारा आणि जोडणारा माणूस हवा होता.

एकाच गोष्टीवर आमचं वाजलं. सर म्हणत होते, प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना उघडणारी झाकणं हवीत. बोअरचं पाणी सारखं उडत राहिलं की मागे खार दाट होत जाणार. झाकण उघडून ब्रश फिरवता आला पाहिजे. मी म्हणालो, झाकणं गळतात, वेळ खातात, किंमत वाढवतात, आणि संघ किंमत बघणार. टोकं वेल्डिंगने बंद करू. मी दोन तास बोललो. मी बोलायला लागलो की समोरचा माणूस शेवटी दमतो, सरही दमले.

"ठीक आहे. पहिली मशीन तुमच्या म्हणण्याप्रमाणे करू," ते म्हणाले. "मोजून बघू."

आयुष्यात त्यांच्याशी मी एवढा एकच सौदा जिंकलो.

मशीन चौसाळ्याजवळच्या एका वाडीत प्रयागबाईच्या ओट्यावर बसवली. प्रयागबाईच्या दोन म्हशी होत्या, नवरा वारलेला, आणि सगळ्या वाडीचं दूध तिच्याच ओट्यावर गोळा व्हायचं. तिला आकडे वाचता येत नव्हते. सरांनी थर्मामीटरला एका ठिकाणी लाल दोरा बांधून दिला. "पारा दोऱ्याच्या खाली राहिला तर दूध केंद्रापर्यंत जाईल. दोऱ्याच्या वर गेला तर नासलं समजा. रोज बघायचं आणि कोळशानं भिंतीवर एक रेघ मारायची. खाली असला तर उभी, वर असला तर आडवी."

"आन् दोऱ्यावरच असला तर?"

"तर मला बोलवा," सर म्हणाले, आणि अशा खुशीत हसले की जणू वर्गातल्या पहिल्या नंबराने प्रश्न विचारलाय.

चेअरमन पहिल्या दिवशी लवाजमा घेऊन आले. येताना पालीच्या धरणात तळाला उरलेल्या गोड्या पाण्याचा टँकर घेऊन आले, मशीनसाठी. नारळ फुटला, पंप फिरला, दूध ओघळलं आणि पारा दोऱ्याच्या पुष्कळ खाली गेला. टाळ्या पडल्या. चेअरमननी पेन काढून सरांपुढे धरलं. करार साधा होता: सरांनी चाचणी पास झाल्याची सही करायची, संघाने गावोगाव मशिनी घ्यायच्या, आणि त्या सगळ्या मी करायच्या. माझ्या वर्कशॉपमध्ये दारापासून मागच्या भिंतीपर्यंत नळ्या येऊन पडल्या होत्या. इतका माल मी कधी उचलला नव्हता.

"आज नाही," सर म्हणाले. "चाळिसाव्या दिवशी."

"कावून?" चेअरमन म्हणाले. "गार झालं की दूध."

"आज नळी कोरी आहे. कोऱ्या नळीवर दूध गार होणारच. पण पाऊस यायला अजून चाळीस दिवस तरी आहेत. तोवर ती ह्या वाडीच्या पाण्यावर चालली पाहिजे. उद्यापासून टँकरचं पाणी नको. बोअरचं घाला."

"सर, आमचं इलेक्शनबी एका दिवसात व्हतं!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते वाकून पारा बघत होते. मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि हसता हसता त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

पुढचे दिवस मी कॅलेंडरकडे बघत काढले. सर दर तिसऱ्या दिवशी एस.टी.ने वाडीला जायचे, आकडे उतरवून घ्यायचे. प्रयागबाईच्या भिंतीवर उभ्या रेघा वाढत होत्या. वाडीचं दूध परत येणं थांबलं होतं. पण मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा पारा आदल्या खेपेपेक्षा थोडा वर दिसायचा. अडतिसाव्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा प्रयागबाई म्हणाली, "आप्पा, आज सकाळी दोऱ्यालाच टेकला बगा. सरांस्नी बलवा म्हनलेत ते."

"सरांना कशाला? मी हाय की."

मी रेडिएटरवाला. नळीत काय बसलंय हे मला कापून बघायची गरज नव्हती. सकाळचं दूध गेलं होतं, संध्याकाळचं यायला वेळ होता. दुकानातून तेजाबाचा कॅन आणला, नळ्यांतून फिरवला, फेस आला, पांढरं पाणी आलं, मग तीन वेळा साध्या पाण्याने खळखळून काढल्या. प्रयागबाई पदर नाकाला लावून बघत होती. "लई वास सुटलाय," म्हणाली. मी म्हणालो, जाईल.

दुसऱ्या दिवशी पारा पुन्हा पुष्कळ खाली. चाळिसाव्या दिवशीही. मी पेढे सांगून ठेवले.

त्या दुपारी सर दुकानात आले. हातात आलेख. तो त्यांनी माझ्या टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर माझेच नट-बोल्टचे पाने ठेवले, उडू नये म्हणून.

"आप्पा, आकडा लई चांगला आलाय."

त्यांच्या तोंडून 'लई' मी पहिल्यांदा ऐकला.

"मग बसा की. पेढे येतायत."

"चांगला आलाय म्हणूनच आलोय." त्यांनी बोट ठेवलं. शाईची रेघ अडतीस दिवस हळूहळू चढत गेली होती आणि मग एकदम खाली पडली होती, पहिल्या दिवसाच्या जागी. "खार आपण होऊन विरघळत नाही. नळी एका दिवसात कोरी झालीय. काय केलंत?"

मी सांगितलं. लपवायचं कशाला? आणि मग माझा तोल गेला. मी ओरडलो. घाटात चढणारी एकेक गाडी मी तेजाबाने धुतलेली आहे, असं म्हणालो. धुणं हा गुन्हा आहे का? दूध नळीच्या बाहेरून जातं, तेजाब आतून गेलं, आणि तीन वेळा पाणी मारलं. हातातोंडाशी आलेली ऑर्डर मी एका रेघेसाठी घालवू? वाडीचं दूध वाचतंय ते दिसत नाही का?

सर ऐकत राहिले. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "धुवा ना. धुवायलाच पाहिजे. दर आठ दिवसांनी धुवा. पण झाकण उघडून, ब्रशनं, प्रयागबाईला स्वतःला जमेल असं. गावोगाव तेजाबाचा कॅन घेऊन तुम्ही जाणार आहात का? तुम्ही गेला नाहीत की एकेचाळिसाव्या दिवशी त्या गावाचं दूध नासणार. मी तसंच लिहीन: झाकणं बसवली तर मशीन चालेल."

"आन् अडतिसावा दिवस?"

"तोही लिहीन."

"सर, ते एक वाक्य गाळा. पाया पडतो." आणि खरंच पडलो. मी कोणाच्या पाया पडत नाही.

त्यांनी मला उठवलं. "आप्पा, ते गाळलं तर ही रेघ खोटी. ही खोटी तर वरच्या अडतीस दिवसांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा?"

पेढे आले होते. सरांनी एक उचलला, खाल्ला, आलेखाची गुंडाळी केली आणि गेले. तो पेढा त्यांनी खाल्ला याचाही मला राग आहे.

संघाच्या बैठकीत त्यांचा अहवाल वाचला गेला. तीन पानं होती. मशीन का चालते, खार किती वेगाने बसतो, झाकणं बसवून तो कसा काढायचा, सगळं होतं. चेअरमननी त्यातलं एकच वाक्य दोनदा वाचलं: 'अडतिसाव्या दिवशी नळ्या ॲसिडने धुण्यात आल्या, पुढचे आकडे धरू नयेत.'

"दुधाच्या मशिनीत तेजाब?" त्यांनी कागद टेबलावर आपटला. "सर, लोकांना मारता का? कोणी हा उद्योग केला?"

मी सरांच्या उजव्या हाताला बसलो होतो. ट्रकवाल्यांशी, पोलिसांशी, आमदाराच्या माणसांशी आवाज चढवणारा मी, तिथे माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वहीकडे बघत म्हणाले, "मशीन माझ्या देखरेखीखाली होती. उत्तर मी देणं लागतो."

बस, एवढंच. चेअरमनना एवढंच हवं होतं. बाहेरच्या बाकावर एका मोठ्या कंपनीचा माणूस मांडीवर मशिनींचं रंगीत पुस्तक घेऊन बसलेला मी येतानाच पाहिला होता. झाकणांची गोष्ट कोणी काढलीच नाही. महिन्याभरात कंपनीच्या मशिनी आल्या, कॉम्प्रेसरवाल्या, हार घातलेल्या. त्यांची चाचणी पहिल्या दिवशीच झाली आणि सहीही पहिल्या दिवशीच झाली. मग वीज जायला लागली. वाड्यांवर ती दिवसाचे आठ-आठ तास नसायची आणि दुधाच्या वेळेला तर हमखास नसायची. बायका पुन्हा रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. त्या मशिनींवर नंतर कोंबड्या बसत. कॉलेजने सरांकडून बाहेरच्या चाचण्यांचं काम काढून घेतलं. दुधात तेजाब घालणारे सर अशी त्यांची ख्याती झाली. माझ्या नळ्या मी भंगाराच्या भावाने विकल्या आणि पुन्हा रेडिएटर उघडायला बसलो.

सरांशी मी बोलणं तोडलं. लोकांना सांगत राहिलो की त्या माणसाने एका वाक्यापायी मला बुडवलं. ते खरंही आहे. एक वाक्य गाळलं असतं तर मी वाचलो असतो. आणि, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही, एक नाव घेतलं असतं तरी मी वाचलो असतो. मी भांडलो असतो, ओरडलो असतो, चेअरमनच्या तोंडावर सांगितलं असतं की हो, मीच धुतल्या, आणि का धुतल्या. सरांनी वाक्यही गाळलं नाही आणि नावही घेतलं नाही. मला तिथल्या तिथे बसवून ठेवलं. अजून तिथेच बसलोय.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, ते एकदा दुकानात आले. दुकान तोवर मोठं झालं होतं. सर बारीक झाले होते, खिशाची नळी तीच होती. बसायला सांगावं लागलं नाही. ते रेडिएटरच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले, पहिल्या दिवशीच्याच जागी.

"प्रयागबाईकडची मशीन बंद केली आम्ही," ते म्हणाले. "तिनं म्हशी विकल्या."

"चालू होती?"

"टोकं कापून झाकणं बसवली होती मी. त्याच पावसाळ्यात. ती दर आठ दिवसांनी ब्रश फिरवायची. एवढ्या वर्षांत पारा दोऱ्याच्या वर गेला नाही. भिंतीवर जागा उरली नाही म्हणून बाईनं दोनदा सारवली आणि पुन्हा रेघा मारल्या."

"चेअरमनला दाखवलं?"

"दाखवलं. म्हणाले, आता मशिनी आल्यात."

मी एक शिवी दिली. सरांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि पिशवीतून जुनी वही काढली. रकाने आखलेले: दिवस, वेळ, हवा, पाणी, दूध, शेरा, कोणी केलं. प्रत्येक ओळीत शेवटी 'प्रयागबाई' किंवा 'मी'. अडतिसाव्या ओळीत शेवटचा रकाना कोरा.

"हा तेवढा राहिलाय," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं. आवाजात रागही नव्हता, टोमणाही नव्हता. एखादा आकडा उतरवायचा राहून गेला असावा, तसं.

"आता त्यानं काय फरक पडतो सर?"

"काही नाही. नोंद पुरी होईल."

बाहेर एक ट्रक येऊन थांबला. मी म्हणालो, "गिऱ्हाईक आलंय." सरांनी मान हलवली, वही आणि पेन पिशवीत ठेवलं आणि उठले.

गिऱ्हाईक वगैरे काही नव्हतं. ड्रायव्हर फक्त पाणी प्यायला उतरला होता. मी दारात उभा राहून बघत होतो. सर रस्ता ओलांडून थांब्याकडे गेले. ऊन रणरणत होतं. त्यांनी थांब्यावर सावली शोधली, नळीतून थर्मामीटर काढला आणि हात लांब करून सावलीत धरून उभे राहिले. तेवढ्यात बीडची एस.टी. आली. कंडक्टरने "चला, चला बाबा" म्हणून हाका मारल्या. सर पाऱ्यावरून नजर काढेनात. एस.टी. गेली. मग त्यांनी आकडा वहीत लिहिला, थर्मामीटर नळीत घातला आणि पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. माझी गाडी दारात उभी होती. मी त्यांना सोडून येऊ शकलो असतो. गेलो नाही.

ती वही आता कोणाकडे आहे, मला माहीत नाही. चेअरमनच्या भाषणानंतर फोटोला हार घालणाऱ्यांपैकी कोणी ती उघडली असेल असं वाटत नाही. तेव्हा इथेच लिहितो, सर.

अडतिसावा दिवस. वेळ दुपारची, सकाळचं दूध गेल्यावर आणि संध्याकाळचं यायच्या आधी. नळ्या रेडिएटरच्या तेजाबाने धुतल्या, तीन वेळा पाणी मारलं. धुणारा महालिंग, मांजरसुंबा. धुवायला सांगणारं कोणी नव्हतं. पुढचे आकडे धरू नयेत.